गाईच्या रक्ताचा नमुना व संप्रेरकांची मोजणी

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका सभासदांकडून आम्हांस एक पत्र आलें. पत्र लांब होतें आणि रागानें लिहिलेलें होतें; तो राग अनाठायीं होता असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांच्या गोठ्यांत दुसऱ्या वेताची एक संकरित होल्स्टिन गाय आहे. व्याल्यानंतर ती तीन वेळां उलटली. चौथ्या खेपेस कृत्रिम रेतन करून घेतल्यावर, गाय राहिली कीं नाहीं हें लवकर कळावें म्हणून त्यांनीं तेविसाव्या दिवशीं तिचें रक्त काढवून तपासणीस पाठविलें. पांच दिवसांनीं कागद आला. त्यांत प्रोजेस्टेरॉन ह्या संप्रेरकाचा आंकडा अगदीं खालचा होता. त्याचा अर्थ असा कीं गाय रिकामी. पुढें बेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास गाईच्या निरणांतून थोडा चिकट स्राव आला. घरच्या मंडळींनीं तो माज समजून पुन्हा रेतन करविलें. त्यानंतर चौथ्या दिवशीं पहांटे गाईच्या मागें रक्तानें माखलेला एक पडदा पडलेला आढळला, आणि त्या पडद्यांत उंदराच्या नुकत्या जन्मलेल्या पिलाएवढा गर्भ होता. रिकाम्या ठरविलेल्या गाईच्या पोटांत हा कोठून आला, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि प्रयोगशाळेवर दावा लावावा काय, असेंही त्यांनीं विचारलें आहे.

आम्हीं त्यांस उलट टपालीं एकच गोष्ट विचारली. रक्त गाईच्या मानेंतून निघाल्यापासून यंत्रांत जाईपर्यंत कोठें कोठें होतें? उत्तर प्रामाणिकपणें आलें. सकाळीं नऊ वाजतां रक्त काढलें व जांभळ्या बुचाच्या नळींत घातलें. नळी घेऊन जाणाऱ्या गृहस्थांनीं ती सदऱ्याच्या खिशांत ठेवली व आणखी दोन गांवचीं कामें उरकलीं. दुपारीं ती मोटारसायकलच्या डिकींत होती. संध्याकाळीं तालुक्यास पोंचली, रात्रीं एका कपाटांत राहिली, आणि दुसऱ्या दिवशीं एस. टी. च्या पार्सलांतून शहरांत गेली. प्रयोगशाळेनें ती उघडली तेव्हां जवळजवळ सत्तावीस तास होऊन गेले होते. दिवस वैशाखाचे होते. बर्फ कोठेंच नव्हता, आणि रक्तांतील तांबड्या पेशी वेगळ्या काढण्याचें काम वाटेंत कोणींच केलें नव्हतें.

हें वाचल्यावर दाव्याचा विचार सोडावा असें आम्हीं त्यांस कळविलें. प्रयोगशाळेनें जें मोजलें तें बहुधा बरोबरच मोजलें. तिच्या हातीं आलेलें रक्त मात्र त्या दिवशीं सकाळीं गाईच्या अंगांत जसें होतें तसें राहिलें नव्हतें.

शेतकऱ्यास ही गोष्ट अगदींच नवी वाटण्याचें कारण नाहीं. दूध संस्थेंत कॅन न ढवळतां वरवरचें दूध घेतलें तर फॅट जास्त लागते आणि तळचें घेतलें तर कमी लागते. यंत्र तेंच असतें आणि दूधही तेंच असतें. मातीचा नमुना उकिरड्याच्या कडेचा घेतला तर सबंध शेत सुपीक ठरतें. रक्ताच्या बाबतींत फरक इतकाच कीं, दूध व माती यांतील दोष डोळ्यांस दिसण्याजोगा असतो. रक्ताची नळी सकाळीं जशी लाल दिसते तशीच दुसऱ्या दिवशींही लाल दिसते.

आतां हें प्रोजेस्टेरॉन काय आहे तें थोडक्यांत सांगतों, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल. गाय माजावर आली म्हणजे तिच्या अंडाशयावरील एक फोड फुटून त्यांतून अंडें बाहेर पडतें. फुटलेल्या फोडाची जागा भरून येऊन तेथें एक पिवळसर गांठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ही गांठ जें संप्रेरक रक्तांत सोडते तें प्रोजेस्टेरॉन. गर्भाशय शांत ठेवणें व गर्भाचा सांभाळ करणें हें त्याचें काम होय. माजाच्या दिवशीं गाईच्या रक्तांत तें नसल्यासारखेंच असतें. एका मिलिलिटरमध्यें एक नॅनोग्रॅमहूनही कमी. पांचव्यासहाव्या दिवसापासून तें वाढूं लागतें आणि दोन माजांच्या मध्यावर पांच नॅनोग्रॅम किंवा त्याहूनही वर चढतें. गाय राहिली नाहीं तर सतराव्या-अठराव्या दिवसाच्या सुमारास पीतपिंड विरघळतो, प्रोजेस्टेरॉन झपाट्यानें उतरतें, आणि एकविसाव्या दिवशीं गाय पुन्हा माजावर येते. गाय राहिली असेल तर कोवळा गर्भ पीतपिंडास विरघळूं देत नाहीं, आणि प्रोजेस्टेरॉन वरच राहतें. एकविसाव्यापासून चोविसाव्या दिवसापर्यंत रक्त तपासण्याची युक्ति ह्यावरच उभारलेली आहे. म्हशींत हें प्रमाण गाईपेक्षां सामान्यतः कमीच असतें. त्यामुळें गाईचा आंकडा म्हशीस लावूं नये.

एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटींवा भाग. इतकी सूक्ष्म वस्तु मोजतां येते हेंच मोठें नवल आहे. प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपांत प्रथम १९३४ मध्यें वेगळें काढण्यांत आलें. त्या काळीं त्याचें प्रमाण ठरवावयाचें तर सशाच्या मादीस तें टोंचून तिच्या गर्भाशयांत काय फरक पडतो हें पाहावें लागे. पुढें १९५९-६० च्या सुमारास न्यूयॉर्क येथें रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन या दोघांनीं इन्शुलिनच्या निमित्तानें एक नवी रीत बसविली. ज्या पदार्थाचें मोजमाप करावयाचें त्यालाच नेमकें पकडणारें प्रतिपिंड घ्यावयाचें, आणि किरणोत्सर्गाच्या खुणेवरून पकडलेल्याचा हिशेब करावयाचा. ह्या शोधाबद्दल यॅलोबाईंस १९७७ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. बर्सन १९७२ मध्येंच निवर्तले होते. हीच रीत, पुढें किरणोत्सर्गाऐवजीं रंगाच्या खुणेनेंही, जनावरांच्या संप्रेरकांस लागू झाली. थोडक्या रक्तांत काम होऊं लागलें आणि परीक्षा इतकी तीक्ष्ण झाली कीं, यंत्रांतल्या चुकीपेक्षां यंत्राबाहेरची चूकच पुष्कळदां मोठी ठरूं लागली.

गाईचें रक्त नळींत काढल्यावर त्यांत काय घडतें हा आतां मुख्य प्रश्न. रक्त शिरेंतून बाहेर आलें म्हणजे मेलें अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. तांबड्या पेशी नळींतही तासन्‌तास जिवंत असतात व आपलें काम चालू ठेवतात. गाईच्या तांबड्या पेशींत एक विकर असें आहे कीं तें प्रोजेस्टेरॉनचें रूप पालटून त्याचा दुसराच पदार्थ बनवितें. ह्या नव्या पदार्थाची घडण मुळाच्या अगदीं जवळची असते. पण परीक्षेंतील प्रतिपिंड त्याला प्रोजेस्टेरॉन म्हणून ओळखत नाहीं. संप्रेरक कोठें उडून गेलेलें नसतें, तें वेषांतर करून बसलेलें असतें. कागदावर मात्र तें गेलें असें दिसतें. हें काम उष्णतेनें जलद चालतें व गारव्यानें मंदावतें. अंगाइतक्या ऊबेंत ठेवलेल्या रक्तांतील प्रोजेस्टेरॉन थोड्या तासांतच लक्षणीय उतरतें. साध्या खोलीच्या हवेंत दिवसभर ठेवल्यास तें निम्म्याच्याही खालीं येऊं शकतें. बर्फाजवळच्या गारव्यांत, म्हणजे सुमारें ४ अंश सेल्सिअसवर, ही घट फारच मंद होते. आणि पेशी वेगळ्या काढून नुसता पिवळसर रक्तद्रव उरला म्हणजे ती थांबतेच, कारण वेषांतर घडविणारा घटक द्रवांत नसून पेशींत आहे. सोलापूर, खानदेश व विदर्भ या भागांत चैत्र-वैशाखांत हवा ४० अंशांच्या वर जाते. त्या दिवसांत उन्हांत उभ्या असलेल्या वाहनाच्या बंद डिकींत काय होत असेल याचा अंदाज वाचकांनींच करावा.

ही गोष्ट १९८० च्या आसपासच्या वर्षांत अमेरिका, स्वीडन इत्यादि देशांतील पशुवैद्यकांनीं प्रयोगानें दाखवून दिली. त्यांतील एक भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. घोडा, कुत्रा व डुक्कर यांचें रक्त त्याच रीतीनें ठेवून पाहिलें तेव्हां गाईच्या रक्तासारखी घट त्यांत दिसली नाहीं. माणसाच्या रक्तांतही प्रोजेस्टेरॉन पुष्कळ टिकाऊ असतें. आपल्याकडे याचा परिणाम कसा होतो तें पाहा. तालुक्याच्या गांवीं जनावरांच्या संप्रेरकांची तपासणी करणारी प्रयोगशाळा बहुधा नसते. म्हणून गाईचें रक्त माणसांच्या प्रयोगशाळेंत जातें किंवा तिच्या मार्फत पुढें जातें. तेथील मंडळी आपल्या कामांत तरबेज असतात, आणि माणसाचें रक्त दोनचार तास मेजावर राहिल्यानें ह्या मोजणींत फारसें बिघडत नाहीं हा त्यांचा रोजचा अनुभव असतो. तो अनुभव गाईच्या नळीस लागू करणें हीच चूक होय, आणि ती कोणाच्याही आळसानें होत नाहीं म्हणूनच ती ध्यानांत येत नाहीं.

दुसराही एक भेद आहे. घोड्याचें रक्त न गोठूं देतां नळींत उभें ठेवलें तर थोड्याच वेळांत तांबड्या पेशी तळाशीं बसूं लागतात व वरचा द्रव निथळून घेतां येतो. गाईच्या पेशी तशा बसत नाहींत. तासन्‌तास नळी जशीच्या तशीच राहते. सबब गाईचें रक्त फिरकी यंत्रांत, ज्यास सेंट्रिफ्यूज म्हणतात, फिरविल्यावांचून गत्यंतर नाहीं. नळी कोनाड्यांत उभी ठेवली आहे, आपोआप निवळेल, असें कोणी सांगितल्यास त्यावर विश्वासूं नये.

घट एकाच दिशेची असते हें नीट लक्षांत ठेवावें. नमुना बिघडल्यानें प्रोजेस्टेरॉन वाढलेलें दिसत नाहीं, कमी दिसतें. म्हणून गाभण गाय रिकामी ठरण्याचा धोका मोठा आहे, रिकामी गाय गाभण ठरण्याचा त्या मानानें थोडा. दुर्दैवानें ह्या परीक्षेंत लोक ज्या उत्तरावर अधिक भरंवसा ठेवतात तें हेंच खालचें उत्तर. आणि नमुना निर्दोष असेल तर तो भरंवसा योग्यही आहे. चांगल्या नमुन्यांत एकविसाव्या ते चोविसाव्या दिवशीं प्रोजेस्टेरॉन खालीं असेल तर गाय राहिलेली नाहीं हें जवळजवळ निश्चित. उलट वरचा आंकडा तितका पक्का नसतो. एखादीचा माज लांबतो, एखादीच्या गर्भाशयांत पू सांठून पीतपिंड टिकून राहतो, एखादीचा गर्भ पुढें जिरून जातो. जें उत्तर मूळचें अधिक विश्वासाचें तेंच हातळणीच्या दोषानें अधिक खोटें ठरतें. सभासदांची फसगत नेमकी ह्याच ठिकाणीं झाली.

आणखी एक फसगत आहे; ती कमी दिसते, पण आमच्या मतें घरोघर घडत असावी. गाय वारंवार उलटते तेव्हां कांहीं पशुवैद्य रेतनाच्याच दिवशीं रक्त घेऊन पाहतात. त्या दिवशीं प्रोजेस्टेरॉन वर असेल तर गाय माजावरच नव्हती व रेतन अवेळीं झालें असा त्याचा सरळ अर्थ होतो. आतां हा नमुना उन्हांत तापला तर वरचा आंकडा खालीं येतो, आणि माज बरोबर होता असा निर्वाळा मिळतो. मग दोष वीर्याच्या कांडीवर जातो, रेतन करणाऱ्यावर जातो, गाईच्या गर्भाशयावर औषधोपचार सुरू होतात. आणि माज ओळखण्यांत गडी रोज चुकतो आहे ह्या साध्या गोष्टीकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. याच रीतीनें दोन माजांच्या मध्यावर घेतलेला बिघडलेला नमुना अंडाशय सुस्त पडल्याची खोटी साक्ष देतो.

सर्वच संप्रेरकें इतकीं नाजूक नसतात. गळ्यांतील ग्रंथीचें थायरॉक्सिन नळींत बरेंच टिकतें. कॉर्टिसॉलही नळींत बऱ्यापैकीं टिकतें, पण त्याची गोष्ट निराळी आहे. तें सुई टोंचण्यापूर्वींच बिघडतें. भ्यालेली गाय पान्हा चोरते हें आपण जाणतोंच. तसेंच गाय दाव्याशीं ओढली, खोड्यांत कोंबली, अनोळखी माणसानें नाक धरलें कीं थोड्या मिनिटांतच तिच्या रक्तांत कॉर्टिसॉल चढूं लागतें. अशा रक्तावरून गाय नेहमींच त्रासांत आहे असा निष्कर्ष काढणें म्हणजे चोरास पाहून भुंकणारें कुत्रें रात्रंदिवस भुंकतें असें समजणें होय. इन्शुलिनची शत्रू फुटलेली पेशी. तांबड्या पेशी फुटून रक्तद्रव गुलाबी झाला कीं त्यांतून बाहेर पडलेलें विकर इन्शुलिन खाऊं लागतें. आणि अंडें सोडविणारें एल. एच. नांवाचें संप्रेरक तर लाटेसारखें येऊन कांहीं तासांत ओसरतें. दिवसांतून एकदां घेतलेल्या रक्तांत तें सांपडलें नाहीं म्हणून तें आलेंच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. ह्या कारणास्तव त्याची एकच परीक्षा करण्यांत पैसे घालवूं नयेत असें आमचें मत आहे.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. रक्त पशुवैद्यानेंच काढावें. गाईस तिच्या नेहमींच्या माणसानें धरावें, आणि ज्या जागीं ती रोज बांधतात त्याच जागीं काम उरकावें. सुई व पिचकारी कोरडी असावी. पाण्याचा एक थेंब राहिला तरी पेशी फुटतात. फार बारीक सुईनें जोरानें ओढल्यानेंही त्या फुटतात. रक्त नळींत सोडतांना सुई काढून टाकावी व तें नळीच्या कडेनें हळूच ओघळूं द्यावें. नळीवर जी खूण असते तेथपर्यंत ती भरावी, कारण आंतील औषध तितक्याच रक्ताच्या मापाचें असतें. मग नळी आठदहा वेळां हलक्या हातानें उलटी-सुलटी करावी. हलवून फेस आणूं नये.

नळीच्या बुचाच्या रंगाकडे अवश्य पाहावें. हिरव्या बुचाच्या नळींत हेपॅरिन असतें, जांभळ्यांत इडीटीए. ह्या दोहोंत रक्त गोठत नाहीं व लगेच फिरवून रक्तद्रव काढतां येतो, म्हणून प्रोजेस्टेरॉनसाठीं त्या सोयीच्या. लाल बुचाच्या साध्या नळींत रक्त गोठून पाणी सुटण्याची वाट पाहावी लागते, आणि तितका वेळ ऊबेंत पेशींचें काम चालूच असतें. पिवळ्या बुचाच्या नळींत तळाशीं चिकासारखा एक थर असतो. तो द्रव व पेशी यांच्यामध्यें पडदा धरतो हें खरें; पण प्रोजेस्टेरॉनसारखीं स्निग्ध जातीचीं संप्रेरकें नमुना तसाच पडून राहिल्यास त्या थरांत शोषलीं जातात. ती नळी ह्या कामास वापरूं नये. बुचावरून निघालेंच आहे म्हणून सांगतों : व्यालेली गाय आडवी पडली व रक्तांतील कॅल्शियम पाहावयाचें असेल तर जांभळी नळी चुकूनही घेऊं नये. इडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतें, आणि धडधाकट गाईसही दुधी ज्वर झाल्याचा कागद हातीं येतो.

नळी भरतांच ती गार करावी. एका थर्मासांत बर्फ व थोडें पाणी घ्यावें, नळी कागदांत किंवा फडक्यांत गुंडाळून पिशवींत घालावी व ती थर्मासांत उभी ठेवावी. बर्फाच्या खड्यास उघडी नळी टेकवूं नये. रक्त थिजलें तर पेशी फुटतात आणि सर्व श्रम वायां जातात. सबंध रक्त फ्रीझरमध्यें ठेवणें हा त्याच जातीचा प्रमाद. गारव्यांत ठेवलेली नळी होईल तितक्या लवकर, निदान त्याच दिवशीं, फिरवून घ्यावी. तालुक्याच्या दवाखान्यांत किंवा कोणत्याही साध्या प्रयोगशाळेंत हें यंत्र असतें, आणि काम दहापंधरा मिनिटांचें आहे. वरचा पिवळसर द्रव दुसऱ्या स्वच्छ कुपींत काढून घेतला कीं मोठी चिंता मिटली. त्यानंतर तो द्रव गोठवून ठेवला तरी चालतें व शहरांत दुसऱ्या दिवशीं पोंचला तरी बिघडत नाहीं. द्रव गुलाबी किंवा तांबूस दिसला तर पेशी फुटल्या असें समजून दुसरा नमुना घ्यावा; तोच पुढें रेटूं नये.

कुपीवर गाईच्या कानांतील बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक, रेतनाची तारीख, रक्त काढल्याची वेळ व द्रव वेगळा केल्याची वेळ हीं चार लिहावींत. शेवटच्या दोन वेळा लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे नाहीं. तो पडावा अशी आमची फार इच्छा आहे. कारण ह्या दोन वेळांमधील अंतर कळलें तर कागदावरील आंकड्यावर किती विसंबावें हें वाचणाऱ्यास आपोआप समजतें. नांवानें गाय ओळखण्याची आपली रीत गोठ्यांत ठीक आहे. एकाच वाडींतून तीन कपिला आल्या म्हणजे प्रयोगशाळेनें काय करावें?

इतका खटाटोप ज्यांस जमण्यासारखा नाहीं त्यांनीं रक्ताच्या वाटेस जाऊंच नये, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. कारण दुसरी वाट आहे, आणि ती दुधाची. रक्तांतील प्रोजेस्टेरॉन दुधांत उतरतें हें इंग्लंडांतील लेंग व हीप या संशोधकांनीं १९७१ मध्यें दाखविलें, आणि त्यावरून दुधाची तपासणी सुरू झाली. दुधांत तांबड्या पेशी नसतात, म्हणून तेथें वेषांतराचा प्रश्न येत नाहीं. गाईस टोंचावें लागत नाहीं व नमुना गडीमाणसासही घेतां येतो. मात्र ह्या वाटेवरही एक खड्डा आहे. प्रोजेस्टेरॉन स्निग्धांशाबरोबर राहतें. पहिल्या धारांचें दूध पातळ आणि शेवटच्या धारांचें दाट हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच प्रमाणांत पहिल्या धारांत प्रोजेस्टेरॉन कमी व शेवटच्यांत जास्त येतें. करितां सर्व दूध काढून झाल्यावर बादली ढवळून नमुना घ्यावा, किंवा प्रयोगशाळा सांगेल त्या धारेचा नमुना दर वेळीं न चुकतां घ्यावा. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश जास्त असल्यानें तिचीं प्रमाणें निराळीं धरावीं लागतात. दूध नासूं नये म्हणून कुपींत जी गोळी टाकतात ती विषारी असते. ती कुपी मुलांच्या हातीं लागूं देऊं नये आणि उरलेलें दूध वासरास पाजूं नये.

रेतनानंतर सुमारें चार आठवड्यांनीं गर्भाच्या वारेपासून निघणारीं विशिष्ट प्रथिनें रक्तांत किंवा दुधांत सांपडतात, व त्यांची परीक्षाही आतां होते. ही परीक्षा गर्भाचीच साक्ष काढते, पीतपिंडाची नव्हे. म्हणून गाभणपण ठरविण्यास ती अधिक सरळ आहे. आठवडाभर थांबण्याची तयारी असेल तर तिचा विचार करावा. सोनोग्राफीचें यंत्र जवळ असेल तर त्याच सुमारास गर्भ डोळ्यांनीं दिसतो. आणि अनुभवी पशुवैद्याचा हात दीड-दोन महिन्यांनीं जें सांगतो त्याची किंमत ह्या सर्व यंत्रांच्या काळांतही कमी झालेली नाहीं.

पुन्हा त्या सभासदांच्या गाईकडे येतों. नमुन्याच्या दोषामुळेंच तिचा गर्भ गेला असें आम्ही शपथेवर सांगूं शकत नाहीं. पहिल्या दीड महिन्यांत गर्भ जाण्यास इतरही कारणें असतात, आणि तो चिकट स्राव गर्भ सुटूं लागल्याचाच असणें शक्य आहे. तथापि गाभण गाईच्या गर्भाशयाच्या तोंडांतून रेतनाची नळी आंत गेली तर गर्भास धोका पोंचतो, हें निर्विवाद आहे. गाभण गाईंपैकीं कांहींत माजासारखीं लक्षणें दिसतात हेंही खरें आहे. म्हणून कागद कांहींही सांगो, मागील रेतनास पांचसहा आठवडे होऊन गेले असतील तर पुन्हा रेतन करण्यापूर्वीं पशुवैद्याकडून गाय तपासून घ्यावी, एवढा एकच नियम त्यांनीं पाळला असता तरी शंकेस जागा राहिली नसती. हें आम्हीं त्यांस पत्रानें कळविलें, तेव्हां त्यांचें उत्तर जरा उशिरानें आलें, पण राग ओसरलेला होता.

पावसाळ्यांत ती गाय पुन्हा माजावर आली. ह्या खेपेस त्यांनीं तेविसाव्या दिवशीं बादली ढवळून दुधाचा नमुना घेतला आणि दुसरा, रक्ताचा, बर्फाच्या थर्मासांतून स्वतः तालुक्यास नेऊन दोन तासांच्या आंत फिरवून घेतला. दोन्ही कुपींवर वेळा घातल्या होत्या. दोन्ही आंकडे वरचे आले. परवां त्यांच्या पशुवैद्यांनीं हात घालून पाहिलें व दोन महिन्यांची गाभण असल्याचें सांगितलें. थर्मास मात्र चहाचा होता, आणि तो आतां गोठ्यांतच राहणार असें घरांतून बजावण्यांत आलें आहे, असें ते लिहितात.